पुण्यात मराठी, चियांग माईत गुगल ट्रान्सलेट

मागच्या एप्रिलमध्ये कुणीतरी मला एक व्हिडिओ पाठवला. पुण्यातलं एक दुकान, मराठीत विचारणारं गिऱ्हाईक, 'हिंदी में बोलिए' म्हणणारा काउंटरवरचा मुलगा आणि मग व्हायचं ते भांडण. असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मी तो पाहिला, चिडले आणि स्टेटसला टाकला. वर एक ओळ लिहिली: 'वर्षभर राहूनही इथली भाषा येत नसेल तर तो अडाणीपणा नाही, माज आहे.'

हे लिहिताना मी थायलंडमधल्या चियांग माई शहरात एका कॅफेत बसले होते. स्टेटस टाकून मी उठले, काउंटरवरच्या मुलीसमोर मोबाइल धरला आणि तिला स्क्रीनवरचं गुगल ट्रान्सलेटचं वाक्य दाखवलं: कॉफीत साखर नको. तिने हसून मान हलवली. मला या शहरात राहायला येऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं.

स्टेटसला पहिलं उत्तर आलं ते माझ्या पुण्यातल्या जुन्या ऑफिसमधल्या मित्राचं. तो पाटण्याचा. पाच वर्षं पुण्यात आहे, मराठी समजतं, बोलायला लाजतो. त्याने एकच ओळ लिहिली होती: 'और तेरी थाई कैसी चल रही है?'

दोन दिवस मी त्याला काही लिहिलं नाही. पहिल्या दिवशी राग आला होता, दुसऱ्या दिवशी लाज वाटत होती. हा लेख म्हणजे त्याला उशिरा दिलेलं उत्तर आहे. पण तो वाचायला हवा तो आपण, म्हणजे लॅपटॉप पाठीला लावून चियांग माई, दा नांग, बाली गाठणाऱ्या मराठी मुलामुलींनी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जिथे राहायचं तिथली भाषा शिकावी ही आपली महाराष्ट्रातली मागणी मला पूर्ण मान्य आहे. ती मी मागे घेत नाही. पण ती मागणी खरी असेल तर मुंबईच्या विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसला म्हणून ती संपत नाही. आपण इथे येऊन 'एक्सपॅट' होतो आणि तो शब्द वापरून ही जबाबदारी गुपचूप खाली ठेवतो. ती पुन्हा उचलली पाहिजे.

एक्सपॅट म्हणजे नक्की कोण?

माझ्या गल्लीतलं उदाहरण घेऊ. माझी खोली चांग ख्लान भागात, पिंग नदीपासून चालत दहा मिनिटांवर. समोर एका इमारतीचं काम चालू होतं. तिथले बरेचसे मजूर म्यानमारमधल्या शान राज्यातून आलेले. चियांग माईत बांधकामावर, हॉटेलांच्या मोऱ्यांत, बागांमध्ये शान माणसं सगळीकडे दिसतात. 2021 च्या लष्करी उठावानंतर, आणि 2024 च्या फेब्रुवारीत तिथल्या लष्कराने सक्तीच्या भरतीचा कायदा लागू केल्यावर, तरुण मुलांच्या येण्याला आणखी एक कारण मिळालं.

तोही परदेशी, मीही परदेशी. दोघंही कामासाठी आलो. दोघंही घरी पैसे पाठवतो. थाई कायद्याच्या भाषेत दोघंही 'खोन तांगदाओ', म्हणजे परकी माणसं. पण रोजच्या बोलण्यात 'तांगदाओ' म्हटलं की डोळ्यांसमोर तो येतो, मी नाही. इंग्रजीत तो 'मायग्रंट' आणि मी 'एक्सपॅट'.

फरक कशाचा? माझ्याकडे 2024 मध्ये सुरू झालेला 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा' आहे. पाच वर्षांची मुदत, एका वेळी 180 दिवस राहता येतं, त्यासाठी खात्यात पाच लाख बाट दाखवायचे. 2025 च्या सुरुवातीला बाट म्हणजे साधारण अडीच रुपये होते. त्याचा कामाचा परवाना त्याच्या मालकाशी बांधलेला. मालक बदलायचा तर कागदपत्रांची नवी फेरी. 2025 च्या जानेवारीपासून चियांग माईच्या शहर तालुक्यात किमान मजुरी आहे दिवसाला 380 बाट. निम्मान रस्त्यावरच्या ज्या कॅफेत मी काम करायला बसते तिथल्या तीन कॉफ्या.

आणि हो, पाप कबूल करून टाकते. 2024 च्या जानेवारीत मी आले ती भारतीयांना नुकत्याच मिळालेल्या व्हिसामाफीवर, पर्यटक म्हणून. पर्यटक म्हणून आले आणि रोज आठ तास कोड लिहीत बसले. बाहेर जायचं, परत यायचं, पुन्हा लॅपटॉप उघडायचा. डेस्टिनेशन व्हिसा केला तो त्या वर्षी दिवाळीला घरी गेले तेव्हा. त्या दहा महिन्यांत मला कुणी 'बेकायदा स्थलांतरित' म्हटलं नाही. समोरच्या इमारतीवरचा एखादा मुलगा पर्यटक बनून विटा वाहायला आला असता तर त्याला काय म्हणाले असते ते तुम्हीच सांगा.

म्हणजे 'एक्सपॅट' हा शब्द कुठून आलात हे सांगत नाही, किती दिवस राहणार हेही नाही. खात्यात किती आहे तेवढं सांगतो. आणि गंमत अशी की हा शब्द आपण आपल्यालाच लावतो. इथल्या बोलीत भारतीय माणसासाठी जुना शब्द आहे 'खेक'. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. तो नेहमी प्रेमानेच वापरतात असं नाही. पण मला तो एक्सपॅटपेक्षा प्रामाणिक वाटतो. पाहुणा किती दिवस राहतो आणि कसा वागतो, हे प्रश्न त्यात आपोआप येतात.

नाम! नाम!

4 ऑक्टोबर 2024, शुक्रवार. दुपारी माझी युरोपातल्या क्लायंटबरोबर मीटिंग होती. कानात हेडफोन. गल्लीच्या तोंडाशी खांबावर एक कर्णा आहे, त्यावरून अधूनमधून काहीतरी सांगत असतात. त्या दिवशी तो बराच वेळ चालू होता. मला त्याचा त्रास झाला म्हणून मी हेडफोनचा नॉइज कॅन्सलेशन वाढवला. घरमालकीणबाईंनी लाइनवर थाईत दोन मेसेज टाकले होते. मीटिंग झाल्यावर ट्रान्सलेट करून बघू म्हणून ठेवून दिले.

मग कुणीतरी दार बडवायला लागलं. उघडलं तर समोरच्या बांधकामावरचा एक मुलगा. विशीचा असेल. हातवारे करत ओरडत होता: 'नाम! नाम मा!'

मी त्याला माझं नाव सांगितलं.

थाई भाषेत 'नाम' म्हणजे पाणी. हॉटेलात पाण्याची बाटली मागताना तो शब्द मी शेकडो वेळा वापरला होता. बाटलीतलं 'नाम' मला येत होतं, दाराशी आलेलं ओळखता आलं नाही. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने गल्लीच्या टोकाकडे बोट केलं. गटारातून तपकिरी पाणी वर येऊन रस्त्यावर पसरत होतं.

त्यानंतरच्या तासाभरात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी माझी स्कूटर समोरच्या बांधकामाच्या चौथऱ्यावर चढवली. माझी गादी आणि पुस्तकांचं खोकं वरच्या मजल्यावर नेलं. मग शेजारच्या आजीचा फ्रिज उचलला. दुसऱ्या दिवशी पिंग नदीने नवरात पुलापाशी 5 मीटरची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी 3.70 मीटर. माझ्या खोलीत गुडघ्याच्या वर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर राहिलेला चिखल काढायला चार दिवस लागले.

कर्ण्यावरून काय सांगत होते ते नंतर घरमालकीणबाईंनी सांगितलं. गाड्या उंचावर न्या, विजेची बटणं बंद करा, म्हाताऱ्या माणसांना वर हलवा. तीन वाक्यं. गल्लीत ती सगळ्यांना कळली होती. ज्याला मी 'मायग्रंट' म्हणत होते त्याला कळली होती. कळली नाहीत ती फक्त एका माणसाला, आणि ते माणूस इंजिनिअर होतं.

आता कुणी म्हणेल, शान भाषा थाईच्या कुळातली, त्याला सोपी गेली असेल. खरं आहे. पण मी इचलकरंजीची आहे. आमच्या घरामागच्या खोल्यांत ओडिशा आणि बिहारचे यंत्रमाग कामगार राहायचे. बारा-बारा तासांच्या पाळ्या करून, एका खोलीत आठ जण झोपून, त्यांतले कितीतरी जण दोन वर्षांत भाजीवालीशी मराठीत घासाघीस करायचे. क्लास नाही, ॲप नाही, सुट्टी नाही. आणि तरी आमच्या गल्लीत त्यांना 'बाहेरचे' म्हणायचे. त्यांनी बोललेल्या मराठीला आम्ही पोरं हसायचो. ते हसणं आता आठवलं की नको वाटतं.

आपल्या सबबी

पुरानंतर मी लगेच शिकायला लागले का? नाही. चिखल धुतला, नवी गादी घेतली आणि पुन्हा ट्रान्सलेट सुरू. कारण सबबी तयार होत्या. इथल्या भारतीयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या सगळ्या ऐकायला मिळतात, म्हणून एकेक घेते.

पहिली सबब: 'आपण पैसा आणतो ना.' आणतो. पण थोडं मोजू. वर्षात 180 दिवस राहिलात की करासाठी तुम्ही इथले रहिवासी. 1 जानेवारी 2024 पासून परदेशात कमावलेलं आणि थायलंडमध्ये आणलेलं उत्पन्न अशा रहिवाशांसाठी करपात्र आहे. हा नियम आल्यावर ग्रुपवर सगळ्यात जास्त चर्चा कशावर झाली? 179 व्या दिवशी देश कसा सोडायचा यावर. मग कुणी म्हणतं, व्हॅट तर भरतो. सात टक्के व्हॅट त्या बांधकामावरचा मुलगाही भरतो, साबणाच्या वडीवर. त्याने कुठे सांगितलं की म्हणून मला भाषा माफ करा? आणि हाच युक्तिवाद पुण्यात कुणी केला, 'मी आयटीत आहे, तुमच्या शहरात पैसा खर्च करतो, मराठी कशाला', तर आपण त्याचं काय करतो?

दुसरी सबब: 'मला कुठे कायमचं राहायचंय.' मालकाच्या खोलीत आठ जणांत झोपणाऱ्या त्या ओडिशाच्या माणसालाही कायमचं राहायचं नव्हतं. त्याला गावी घर बांधायचं होतं. ही सबब आपण त्याला कधी दिली नाही.

तिसरी सबब: 'थाई फार अवघड. पाच सूर आहेत.' आहेत. 'माय' हा एक उच्चार वेगवेगळ्या सुरांत नवा, लाकूड, नाही आणि प्रश्नचिन्ह होतो. माझी जीभ अजून अडखळते. पण मराठी माणसाने ही सबब द्यावी हे जरा जास्तच आहे. थाई मुळाक्षरांचा क्रम बघा: को, खो यांपासून सुरू, मग च वर्ग, मग त वर्ग, मग प वर्ग. आपली बाराखडी घोकलेल्या माणसाला हा तक्ता ओळखीचा वाटतो, कारण त्या लिपीचं मूळ ख्मेर लिपीमार्गे दक्षिण भारतातच जातं. वार बघा: आथित म्हणजे आदित्य, चान म्हणजे चंद्र, फुत म्हणजे बुध, सुक म्हणजे शुक्र. मंगळवारला म्हणतात 'अंगखान'. अंगारकी चतुर्थीला रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला याहून सोपं काय द्यायचं?

आणि जेवण. ग्रुपवर दर आठवड्याला रडगाणं असतं: इथे व्हेज मिळत नाही, सगळ्यात फिश सॉस असतो. आहार म्हणजे थाईत 'आहान'. शाकाहाराला शब्द आहे 'मांगसविरत'. मांसविरती! शब्द आपल्याच घरातला आहे. तो एक शब्द उच्चारला तर गाडीवरची बाई विचारते, अंडं चालतं का? बहुतेक जण तो उच्चारत नाहीत. भारतीय हॉटेलात अडीचशे बाटची दाल मागवतात आणि 'थायलंडमध्ये आपलं काही नाही' अशी रील टाकतात.

चौथी सबब सगळ्यात मजबूत आहे, कारण ती खरी आहे: 'इथे कुणी अपेक्षाच करत नाही.' नाहीच करत. सव्वा वर्षात एकाही थाई माणसाने मला 'थाईत बोल' म्हणून सुनावलं नाही. मोबाइल पुढे केला की हसतात, वाचतात, आणून देतात. थाई माणसाच्या या स्वभावाला त्यांच्याकडे शब्द आहे 'क्रेंग चाई'. मराठीत सर्वांत जवळचा शब्द 'भीड'. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून स्वतः थोडं सोसायचं.

मला या मुद्द्यावर थांबायचं आहे. कुणीतरी भिडेखातर बोलत नाही, याचा अर्थ त्याला चालतंय असा आपण काढतो. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज आहे का? पन्नास वर्षं आपण हेच ऐकत आलो आहोत: मुंबईत सगळे हिंदीत बोलतात, मराठी माणसं लगेच हिंदीवर येतात, म्हणजे त्यांना काही हरकत नाही. आपल्या समजूतदारपणाचा असा हिशोब लावला गेला याचा आपल्याला राग आहे. तोच हिशोब मी इथे एका कॉफी देणाऱ्या मुलीच्या हसण्यावर लावत होते.

धूर आला की तिकीट काढायचं

भाषा न शिकण्याचा परिणाम केवळ साखर आणि फिश सॉस एवढाच नाही. भाषा नसेल तर शहर म्हणजे फक्त भाव आणि हवामान उरतं. भाव परवडतो तोवर राहायचं, हवा बिघडली की निघायचं.

चियांग माईची हवा फेब्रुवारी ते एप्रिल अशी बिघडते की दोई सुथेपचा डोंगर शहरातून दिसेनासा होतो. डोंगरातल्या जंगलांना लागणाऱ्या आगी, मक्याच्या शेतांची जाळपोळ, सीमेपलीकडून येणारा धूर. मार्चमधले काही दिवस हे शहर जगातल्या सगळ्यात प्रदूषित शहरांच्या यादीत अगदी वर असतं. एक्सपॅटांच्या कॅलेंडरमध्ये याला 'बर्निंग सीझन' म्हणतात आणि त्यावरचा उपाय म्हणजे तिकीट. 2024 च्या मार्चमध्ये मीही क्राबीला पळाले होते. समुद्रकिनाऱ्यावरून फोटो टाकला होता.

त्या वेळी शहरात काय चाललं होतं ते मला वर्षभराने कळलं. 2023 च्या एप्रिलमध्ये चियांग माईतल्या रहिवाशांनी या धुराबद्दल सरकारविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दावा लावला होता. 2024 च्या जानेवारीत न्यायालयाने सरकारला 90 दिवसांत तातडीचा आराखडा करायला सांगितलं. म्हणजे मी किनाऱ्यावर बसले होते त्या वेळी माझे शेजारी या शहराच्या हवेसाठी कोर्टाच्या त्या 90 दिवसांची वाट बघत होते. मला पत्ताच नव्हता, कारण माझ्या शहराच्या बातम्या मी कधी वाचल्याच नाहीत. वाचता येत नव्हत्या. समोरच्या बांधकामावरची मुलं तेव्हाही तोंडाला फडकं बांधून परातीवर ढीग घेऊन चढत होती. त्यांना क्राबी परवडत नाही.

आपल्याकडचे व्हिडिओ बघा. 'साठ हजारांत राजासारखं राहा', 'पुण्यापेक्षा स्वस्त, पुण्यापेक्षा स्वच्छ'. राजासारखं, हा शब्द तेवढा बरोबर आहे. राजाला प्रजेची भाषा यावी लागत नाही.

मग करायचं काय?

मी कुणाला परत जा म्हणत नाही. मीही जात नाहीये. मला हे शहर आवडतं, इथल्या पहाटे आवडतात, मागणी तेवढी की आपल्याच स्टेटसला आपण जागावं.

वर्षभर राहणार असाल तर आठवड्याचे दोन तास भाषेला द्या. आपण जावास्क्रिप्टची नवी फ्रेमवर्क एका वीकेंडला शिकणारी माणसं आहोत, 44 व्यंजनं दोन महिन्यांत होतात. घराचा करार दुसऱ्याकडून समजून घेण्याआधी स्वतः वाचायचा प्रयत्न करा. कर लागत असेल तर भरा, 179 चा खेळ खेळू नका. गल्लीतल्या कर्ण्यावर काय सांगतात ते शेजाऱ्याला विचारा. आणि स्वतःला एक्सपॅट म्हणणं बंद करा. 'मी इथे कामाला आले आहे' एवढं वाक्य पुरतं. ते मराठीत चांगलं वाटतं आणि थाईतही सोपं आहे.

त्या पाटण्याच्या मित्राला मी शेवटी उत्तर लिहिलं: 'थाई येत नाही. मेमध्ये क्लास लावतेय. तू मराठी बोलायला लाग, मी हसणार नाही.' आता आम्ही रविवारी फोनवर बोलतो. तो वीस मिनिटं मराठीत बोलतो. 'मी गेलो होती' म्हणतो, मी दुरुस्त करते. मग मी त्याला थाईतली नवी वाक्यं म्हणून दाखवते. ती बरोबर आहेत की नाही हे त्याला कळत नाही, पण तो शांतपणे ऐकतो.

परवा गल्लीतला कर्णा पुन्हा वाजला. मी हेडफोन काढले आणि दारात जाऊन उभी राहिले. निम्मं कळलं: उद्या, सकाळी, नऊ, पाणी, नाही. पाइपलाइनचं काम होतं. मी रात्रीच दोन बादल्या भरून ठेवल्या आणि शेजारच्या आजीला विचारलं, तुमच्या भरून देऊ का? तिने माझे सूर दोनदा दुरुस्त केले आणि बादली पुढे केली.

समोरची इमारत पूर्ण झाली आहे. तळमजल्यावर नवं कॅफे आलंय, तिथे लॅपटॉपवाल्यांची गर्दी असते. ज्या मुलाने माझी स्कूटर उचलली होती तो आता कुठल्या साइटवर आहे ते इथे कुणाला माहीत नाही. माझं नाव त्याला माहीत आहे, दारातच सांगितलं होतं. त्याचं नाव विचारायला थाईत तीन शब्द लागतात. ते त्या वेळी मला येत नव्हते.